हवेची तहान आणि वळवाचा पाऊस

एप्रिलमधल्या दुपारी एक वाजता कोल्हापूरकडच्या भोगावती नदीकाठच्या एखाद्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुंध्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, जाऊन उभं राहा. पानं दोन्ही कडांनी आत वळून सुरळीसारखी मिटलेली असतात. हातात धरली तर वाळक्या वैरणीसारखी खरखरतात. खाली वाकून सरीत बोट घाला, माती ओली लागते. परवाच पाणी पाजलेलं असतं. संध्याकाळी सहाला परत आलात तर तीच पानं पुन्हा पसरलेली, जणू दुपारी काही झालंच नव्हतं.

लहानपणी मी हे आजोबांना विचारलं होतं. रानात पाणी आहे, मग ऊस का मिटतो? ते म्हणाले, "वरनं वडतंय जास्ती, खालनं चढतंय कमी." पुढं शिकायला गेलो, पुस्तकं वाचली, पण याहून नेमकं उत्तर मला कुठं मिळालं नाही. कोल्हापूरचा उन्हाळा आणि त्यातली पिकं समजून घ्यायची तर हे 'वरनं वडतंय' म्हणजे काय, ते आधी बघायला हवं.

गावात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो. आज अडतीस, काल एकोणचाळीस. हा आकडा सावलीतला आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. वारा आत खेळतो, ऊन आत येत नाही. तुमच्या रानातल्या उघड्या मातीचं तापमान याच वेळी पन्नास-पंचावन्नच्या वर गेलेलं असतं. अनवाणी चालून बघणाऱ्याला ते सांगायला नको. शिवाय ऊस मुळात उष्ण प्रदेशातलं पीक आहे. तीस ते चौतीस अंशांत तो सगळ्यात जोमानं वाढतो, आणि मुळाशी पाणी असेल तर अडतीसही सोसतो. तेव्हा नुसत्या अंशांवरून पिकाचं दुखणं कळत नाही.

पिकाला छळते ती हवेची तहान. तापलेल्या हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, आणि ती किती जास्त मावते ते बघितलं की सगळा हिशेब लागतो. 22 अंशाच्या पहाटेच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 19 ग्रॅम वाफ मावते. समजा तिच्यात 15 ग्रॅम आहे. म्हणजे आणखी 4 ग्रॅमची जागा शिल्लक. हीच हवा दुपारी 37 अंशाला पोचली की तिच्यात 44 ग्रॅम मावू शकते, पण वाफ आहे तेवढीच, 15 ग्रॅम. आता शिल्लक जागा 29 ग्रॅम. पहाटे चार, दुपारी एकोणतीस. सात पट तहान. ही तहान हवा जिथून मिळेल तिथून भागवते: मातीतून, म्हशीच्या हौदातून, तुमच्या ओठांतून आणि उसाच्या पानांतून.

पानाला बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला ती उघडी ठेवावीच लागतात, आणि उघडी ठेवली की वाफ बाहेर जाते. मुळांतून चढणारं पाणी बाहेर जाणाऱ्या वाफेला पुरेनासं झालं की पीक रंध्रं मिटवतं, ऊस तर पानच वळवून घेतो. म्हणजे दुपारी मिटलेला ऊस मरणाच्या वाटेवर असतोच असं नाही. तो जपून राहिलेला असतो. पण त्या तीन-चार तासांत तो जेवतही नसतो. असे पंधरा-वीस दिवस गेले की कांड्या आखूड पडतात. ते नुकसान आज दिसत नाही. तोडणीच्या वेळी वजनकाट्यावर दिसतं.

आता हे पाणी किती, ते गुंठ्यात मांडतो, कारण आपल्याकडं रान गुंठ्यातच मोजलं जातं. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास शंभर लिटर. चैत्र-वैशाखात, वारा सुटलेला असताना, उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला सात-आठ मिलिमीटर उतरू शकतं. भरदार वाढलेला, सरी झाकून टाकलेला ऊसही साधारण त्याच घरात पाणी टाकतो. सात धरले तर गुंठ्याला सातशे लिटर, एकराला अठ्ठावीस हजार लिटर. रोज. पाच हजार लिटरचे साडेपाच टँकर एका एकरातून दररोज आकाशात जातात. हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्या दिवशी मी वहीत तो तीनदा तपासला होता.

सगळ्या उसाला हा ताप सारखा नसतो. मागच्या जुलै-ऑगस्टमधली आडसाली लावण एव्हाना नऊ-दहा महिन्यांची, तिची मुळं खोल गेलेली, सावलीनं स्वतःची जमीन झाकलेली. तिला पाणी लागतं खूप, पण ती दोन दिवसांचा उशीर खपवून घेते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी उसाची वाढ या दिवसांत जोरात असते. खरी काळजी 'सुरू' हंगामाच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या लावणीची आणि उशिरा तुटलेल्या उसाच्या खोडव्याची. तीन-चार महिन्यांचं कोवळं पीक, मुळं वरच्या वितभर मातीत, आणि दोन ओळींमधली जमीन उघडी पडून तव्यासारखी तापते. याच पिकात खोडकीड येते. तापलेली कोरडी हवा तिला मानवते. फुटव्याचा मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, पिवळा पडून वाळतो, हलकेच ओढला तर अलगद हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. वास आला की समजायचं, अळी आत आहे. बाळभरणी करून माती बुंध्याला लावणं, ओल टिकवणं आणि वेळेवर ट्रायकोकार्ड बांधणं, हे तिन्ही उपाय जुने आणि खात्रीचे आहेत. ट्रायकोकार्डावर ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म मित्रकीटकांनी ग्रासलेली अंडी असतात. त्यांतून बाहेर पडलेले कीटक खोडकिडीची अंडी शोधून त्यांतच आपली अंडी घालतात.

पण सगळ्यांत स्वस्त उपाय रानातच पडलेला असतो, आणि आपण त्याला काडी लावतो. पाचट. एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, तोडणीनंतर उरतं. ते सरीत पसरलं की मातीवर ऊन पडत नाही, वारा लागत नाही, आणि हवेला मातीतून पाणी ओढता येत नाही. उसाच्या पानांतून जातं ते जातंच, पण उघड्या मातीतून जाणारं वाचतं. कोवळ्या खोडव्यात हे उघड्या मातीतून जाणारं पाणीच जास्त असतं. दुपारी पाचटाखाली हात घालून बघा, वर चटका आणि खाली गार, ओलसर माती, गांडुळाची विष्ठा. आजही फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी पन्हाळ्याच्या वाटेवरून खाली बघितलं की पाचट पेटवल्याचे धुराचे लोट दिसतात, आणि मला दरवेळी वाईट वाटतं. लोकांची अडचण मला ठाऊक आहे. पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, मजूर मिळत नाहीत. तरीही निदान एक आड एक सरीत पाचट दाबून, मोकळ्या सरीतून पाणी द्यावं. पाण्याची ओढ असलेल्या वर्षी एवढ्यानं एक पाळी निभावून नेता येते.

आता मे महिना. इथं एक गोष्ट बाहेरच्या माणसाला उलटी वाटते. कोल्हापुरात सरासरी कमाल तापमान एप्रिलमध्ये सर्वांत जास्त असतं. मेमध्ये ते थोडं उतरतं. आणि माणसं मात्र मेमध्ये जास्त वैतागतात. "लई गदगदतंय," हा शब्द मेमधलाच. दोन्हीचं कारण एकच. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. एप्रिल उतरता उतरता अरबी समुद्रावरचा ओला वारा घाट चढून दुपारनंतर इकडं पोचायला लागतो. हवा दोन अंश कमी तापते, पण तिच्यात वाफ वाढते. 35 अंशाच्या हवेत सुमारे 40 ग्रॅम वाफ मावते आणि 20 ग्रॅम आधीच असते, म्हणजे तहान वीस ग्रॅमची. एप्रिलच्या दुपारच्या एकोणतीसपेक्षा बरीच कमी. आपला घाम वाळत नाही म्हणून आपण तळमळतो, आणि त्याच कारणानं उसाला थोडा दम मिळतो.

हीच वाफ वळवाचं इंधन आहे. या महिन्यांत दख्खनवर दोन प्रकारची हवा एकमेकींना भिडलेली असते. मावळतीकडून समुद्रावरची ओली, उगवतीकडून जमिनीवरची कोरडी. हवामान खात्याच्या रोजच्या अंदाजात 'विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटकमार्गे दक्षिणेपर्यंत द्रोणीय रेषा' किंवा 'वाऱ्यांची खंडितता' असं काही वाचलंत, तर ती ही भिडण्याची रेषा. ती कधी पूर्वेला सरकते, कधी आपल्या डोक्यावर येते. ती जवळ असेल त्या दिवशी दुपारी तीननंतर आभाळाकडं लक्ष ठेवावं.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर उठते. वर जाताना ती किलोमीटरला साधारण दहा अंश थंड होते. दोन-तीन किलोमीटरवर पोचली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद संपते आणि ढग दिसू लागतो. खरी गंमत इथून पुढं आहे. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, जशी पातेल्यातलं पाणी उकळताना ती आत जाते. त्या उष्णतेनं ढगातली हवा आणखी हलकी होते आणि आणखी वर जाते. पाच किलोमीटरच्या आसपास पाणी गोठायची पातळी लागते, तरी ढग थांबत नाही. दहा-बारा किलोमीटर उंच बुरूज उभा राहतो. आत बर्फाचे कण आणि गारठलेले थेंब एकमेकांवर आदळून विजेचा भार साठतो. वर जाणारा झोत जोरकस असेल तर बर्फाचा कण पाण्याचे थर अंगावर घेत घेत मोठा होतो. झोताला तो पेलवेनासा झाला की गार पडते. शेवटी पाणी आणि बर्फ खाली कोसळायला लागतं, वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातलं काही सुकतं, त्यानं हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन जमिनीवर आपटून चहूकडं पसरते.

पावसाआधी येतो तो गार वारा हाच. धूळ उडवणारा, पत्रे उचकटणारा. म्हातारी माणसं म्हणतात, "वाऱ्यानं पाऊस घालवला." बऱ्याचदा उलटं झालेलं असतं: पाऊस दुसरीकडं पडून गेलेला असतो, आणि आपल्याकडं फक्त त्याचा वारा पोचलेला असतो. असा एक ढग चार-पाच किलोमीटर रुंद आणि त्याचं आयुष्य तास-अर्धा तास. म्हणून कळंब्यात रस्त्यावरून पाणी वाहतं आणि कसबा बावड्यात थेंब पडत नाही. कोणत्या गावावर पडेल हे आदल्या दिवशी सांगणं कोणत्याही खात्याला शक्य नाही. जिल्ह्यात शक्यता आहे एवढंच सांगता येतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर गुलाल भिजवणारी सर अनेकांनी अनुभवली असेल. मोसमी पाऊस मावळतीकडून शांतपणे भरून येतो. वळवाचं आभाळ बहुतेकदा उगवतीकडून नाहीतर दक्षिणेकडून काळंनिळं होऊन चढतं, आणि ते चढलेलं दिसलं की रानात थांबू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आंब्याच्या झाडाखाली आडोसा न घेता सरळ घर गाठावं, जनावरंही झाडाला बांधलेली सोडवावीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असू द्यावं.

वळवानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसाचा रंग बघा. फिकट पिवळट पानं काळीभोर हिरवी होतात. मोटरचं पाणी कितीही दिलं तरी तो रंग येत नाही. "वळीव म्हंजे युरिया," असं आमच्याकडं म्हणतात. विजेमुळं हवेतला नत्र पावसात उतरतो हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. ते खरं आहे, पण एका पावसात मिळणारा तो नत्र अगदी थोडा. मोठी गोष्ट मातीत घडते. महिनाभर तापून कोरड्या पडलेल्या मातीत असंख्य सूक्ष्मजीव मरतात, उरलेले झोपी जातात. पाणी पडताच जागे झालेले जीव मेलेल्यांचं आणि सेंद्रिय पदार्थाचं भराभर विघटन करतात आणि पिकाला घेता येईल असा नत्र एकदम मोकळा होतो. पहिल्या पावसाचा मातीचा वास याच दुनियेतून येतो. मातीतल्या तंतुमय जिवाणूंनी तयार केलेलं रसायन थेंबांच्या माऱ्यानं हवेत उडतं. सरीचं पाणी फक्त सरीतली माती भिजवतं. पाऊस बोदाचा, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंचवट्याचा, माथाही भिजवतो, जिथं माती सगळ्यात जास्त वाळलेली असते. शिवाय पानावरची धूळ धुतली जाते आणि पुढचे दोन-तीन दिवस हवेची तहान कमी राहते, म्हणून रंध्रं दुपारीही उघडी राहतात. शिरोळकडच्या क्षारपड रानांत तर वरचं मीठ थोडं खाली जातं, हाही फायदाच.

वीस मिलिमीटरचा एक वळीव म्हणजे एकराला ऐंशी हजार लिटर. पण अर्ध्या तासात पडला आणि माती उघडी, टणक असली तर त्यातला मोठा वाटा ओघळून ओढ्याला जातो. इथंही पाचट असलेलं रान पुढं.

त्याच वळवानं हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी कीड, उठते. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे जमिनीत दडून बसलेले असतात आणि मे-जूनमधल्या पहिल्या दमदार पावसाची वाट बघतात. पावसानंतरच्या संध्याकाळी, दिवस मावळून अंधार पडता पडता, ते झुंडीनं बाहेर येतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. त्या वेळी बांधावरच्या लिंबाखाली उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा बारीक चरचर आवाज येतो. घोंगडं किंवा ताडपत्री खाली अंथरायची, फांद्या काठीनं हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकायचे. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. आज शंभर माद्या वेचल्या तर पाच हजार अळ्या ऑगस्टमध्ये उसाच्या मुळाशी नसतील. हे काम मेच्या दोन-चार संध्याकाळींचं आहे, आणि एका शेतकऱ्यानं करून भागत नाही. भुंगेरे शेजारच्या बांधावरून येतात. गल्लीनं मिळून केलं तरच उपयोग. पुढं ऑगस्टमध्ये ऊस वाळू लागल्यावर हजारो रुपयांची औषधं ओतण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

पाण्याचं सांगायचं तर कोल्हापूरचा उन्हाळा नदीवर चालतो आणि नदी धरणावर. शाहू महाराजांनी पाया घातलेलं राधानगरी धरण 8.36 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), काळम्मावाडीचं दूधगंगा धरण 25.40 टीएमसीचं. सोडलेलं पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालून साखळीनं अडवलं जातं, आणि काठावरच्या मोटरी ते उचलतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळला पाचशेच्या आसपास, अशा जिल्ह्यात पश्चिमेचं पाणी पूर्वेच्या रानापर्यंत पोचतं ते या बंधाऱ्यांमुळं. 2023 साली मोसमी पाऊस केरळात 8 जूनला आला, 11 जूनला कोकणात पोचला आणि तिथंच अडला. आपल्याकडं तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. अशा वर्षी धरणातला साठा तळाला जातो आणि उपसाबंदी लागते. ठरावीक दिवस मोटरी बंद. हवेची तहान मात्र बंद होत नाही. ज्यांच्या रानात पाचट होतं आणि ज्यांनी वेळेत पोटॅशची फवारणी केली, त्यांचा ऊस तग धरून राहिला. पोटॅश पर्णरंध्रांची उघडझाप नीट ठेवतं, म्हणून ताणाच्या काळात त्याचा गुण येतो.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, आजरा भागात, याच दिवसांत वेगळीच घाई असते. धूळवाफ भात. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र निघतं. वळवानं नांगरट मऊ झालेली, कुळवून माती पिठासारखी केलेली, आणि कोरड्या धुळीतच कुरीनं भात पेरायचं. मोसमी पाऊस आला की बी एकसारखं उगवतं आणि मोठ्या पावसाआधी रोपाला पंधरा दिवसांची पुढची चाल मिळते. यात दोन धोके. पेरणीनंतर चार-पाच मिलिमीटरचा नुसता शिडकावा झाला तर बी फुगतं, मोड येतो, आणि तेवढं पाणी तापलेली हवा दिवसाभरात पिऊन टाकते. मोड वाळतो. दुसरा धोका उलटा, आणि तो 2025 मध्ये आला. मेभर पाऊस पडत राहिला, 24 मेला मोसमी पाऊस केरळात आणि 26 मेला मुंबईत पोचला. वाफसा, म्हणजे मशागत करता येईल इतपत सुकलेली माती, आलाच नाही, धूळ झालीच नाही, आणि धूळवाफेची तयारी करून बसलेल्या अनेकांना रोपलावणीकडं वळावं लागलं.

साधारण वर्षी मात्र रोहिणीचा पेरा संपला की फळी फिरवून रान सपाट होतं आणि मग नुसतं बसणं येतं. सकाळी एक फेरी मारायची, मुंग्या भात ओढून नेतात का बघायचं. ओळीत दोन बोटं खुपसून एक दाणा वर काढायचा. कडक असला, नखानं दबत नसला, की पुन्हा त्याच जागी पुरून माती सारखी करायची.